ईव्हशमची मॅच: ऊन, वारा, गडगडाट आणि ब्रीम

शुक्रवार

दुपारी जेवून लेस्टरहून निघालो, मी आणि बाबा. बाबा चिपळूणहून आलेत सध्या माझ्याकडे, आणि शनिवारी ईव्हशमला एव्हन नदीवर मासेमारीची मॅच होती, तर त्यांना म्हटलं चला, मी काठावर बसते आणि तुम्ही बघा इथे लोक गळ टाकतात म्हणजे नक्की काय करतात ते. एम ६९ ने कॉव्हेंट्रीपर्यंत, मग ए ४६ धरला की वॉरिक, स्ट्रॅटफर्ड मागे टाकत सरळ ईव्हशम. ऊन इतकं की गाडीत एसी लावला, सप्टेंबर संपत आलाय असं वाटतच नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मॅच फिशिंगमध्ये नदीकाठी ठराविक अंतरावर नंबर दिलेल्या जागा असतात, त्यांना पेग म्हणतात. सकाळी पिशवीतून चिठ्ठी उचलायची, जो नंबर येईल तिथे बसायचं, सगळ्यांनी एकाच वेळी सुरू करायचं, पाच तासांनी एकाच वेळी थांबायचं. धरलेले मासे पाण्यात सोडलेल्या लांब जाळीत म्हणजे कीपनेटमध्ये जिवंत ठेवायचे, शेवटी वजन करायचं आणि सगळे परत नदीत. एकही मासा घरी येत नाही. बाबांचा प्रश्न साहजिक होता, "मग धरायचा कशाला?" मी गाडी चालवता चालवता सांगितलं की बाबा, दर आठवड्याला एवढी माणसं त्याच काठावर बसतात, सगळ्यांनी मासे घरी नेले तर दोन वर्षांत नदी रिकामी होईल, आणि मुळात इथे नदीतून किती आणि केवढा मासा नेता येतो यावर कायदाच आहे, १३ वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला एन्व्हायर्नमेंट एजन्सीचं लायसन्स लागतं, आणि १५ मार्च ते १५ जून नद्यांवर आम्ही धरतो तसल्या माशांची (म्हणजे सॅमन-ट्राउट सोडून) मासेमारी बंद, कारण तो विणीचा काळ. हे शेवटचं मात्र बाबांना एकदम पटलं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात ना, ते म्हणाले, तेवढे दिवस तरी माशाला सोडलंच पाहिजे.

ईव्हशमला पोचल्यावर आधी दुकानात जाऊन आमिष घेतलं. मॅगट म्हणजे माशीच्या अळ्या इथे पाइंटच्या मापाने विकतात, पांढऱ्या आणि लाल. शिवाय कॅस्टर, म्हणजे त्याच अळ्या कोशात गेलेल्या. कॅस्टर हवेत उघडा राहिला की गडद होत जातो आणि मग पाण्यावर तरंगायला लागतो, तळाशी मासा जमवायचा असेल तर तो काही कामाचा नाही, म्हणून पाण्यात बुडवूनच ठेवायचा. उकडलेलं भांगेचं बी मी घरूनच नेलं होतं, रोच माशाला ते फार आवडतं. आणि एक डबा गांडुळं.

संध्याकाळी गावात फिरलो. ईव्हशमला एव्हन तीन बाजूंनी वळसा घालते, मध्ये जुन्या मठाचा घंटेचा मनोरा तेवढा उभा आहे, मठ बाकी आठव्या हेन्रीच्या काळात गेला. बागेत सायमन डी माँटफर्टचं स्मारक आहे, ४ ऑगस्ट १२६५ ला इथल्या लढाईत तो मारला गेला. तो लेस्टरचा अर्ल होता, आमच्या शहरात त्याच्या नावाची युनिव्हर्सिटी आहे, त्यामुळे मला इथे आलं की त्याला भेटूनच पुढे जावंसं वाटतं. त्या लढाईच्या वेळी आकाश काळं होऊन मोठं वादळ आलं होतं असं जुन्या बखरींत लिहिलेलं आहे.

आमच्याही शनिवारचा अंदाज फार वेगळा नव्हता: सकाळी धुकं, मग ऊन, दुपारी वारा दिशा बदलणार, मेघगर्जनेसह सरी. मी काठावर उभी राहून पाणी बघितलं. खाली गेलेलं, संथ, आणि इतकं नितळ की काठाजवळ तीन-चार फुटांवरची वाळू दिसत होती. नदीच्या पातळीचे आकडे सरकारी साइटवर दर पंधरा मिनिटांचे येतात, मोबाइलवर ग्राफ बघितला तर आठवडाभर सपाट रेघ. कुत्रा फिरवणाऱ्या एका गृहस्थांनी थांबून सांगितलं की ब्रीम कुणालाच दिसलेले नाहीत आठवडाभर, पाणी फार स्वच्छ आहे. ब्रीम म्हणजे चपटा, उंच पाठीचा, तळाशी कळपाने चरणारा मासा, मोठा झाला की ब्राँझसारखा रंग येतो. त्याला उजेड सोसत नाही. एक ब्रीम म्हणजे तीस-चाळीस रोचचं वजन, त्यामुळे मॅच बहुतेक वेळा तोच ठरवतो.

शनिवार

सातलाच निघालो, दहा पावलांवरचं दिसत नव्हतं इतकं धुकं. ड्रॉ आठला. हॉलमध्ये चहा, बेकन रोल, ओल्या जॅकेटांचा वास आणि सगळ्यांचा एकच विषय, हवा. माझ्यापुढे रांगेत एक वयस्क गृहस्थ होते, मी लेस्टरची म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि ते थेट आयव्हन मार्क्सवर आले. लेस्टरचे आयव्हन मार्क्स आणि त्यांची 'लाइकली लॅड्स' ही टीम, १९७० च्या दशकात इंग्लंडभर मॅचेस गाजवायचे ते लोक, आणि हे काका तरुणपणी त्यांच्या मागे काठावर बसून त्यांचं बघून शिकले होते. मला या खेळातलं हे फार आवडतं, चॅम्पियनच्या चार फूट मागे बसून कुणीही त्याचे हात बघू शकतो, तिकीट नाही की कुंपण नाही.

मला २३ नंबर आला, काकांना २४. म्हणजे शेजारीच. पेगवर डावीकडे विलोचं झाड पाण्यावर वाकलेलं, समोर पलीकडचा काठ पस्तीसेक मीटरवर असेल, आणि वरच्या बाजूला थोड्या अंतरावर शेतातून येणारा एक छोटा ओहोळ नदीला मिळतो, तेव्हा तो जवळपास कोरडा होता.

मांडामांड करायला दीड तास लागतोच. सीटबॉक्सचे, म्हणजे ज्या पेटीवर बसायचं तिचे, पाय चिखलात समतल करायचे, पोलचे रोलर मागे लावायचे, कीपनेट टाकायचं. पोल म्हणजे एकात एक बसणाऱ्या कार्बनच्या नळ्यांची लांब काठी, रीळ नसतं, टोकाला थोडीशीच दोरी, त्यामुळे फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, अगदी पाहिजे तिथे धरून ठेवता येतो. हुकाला वजन लावून ११ मीटरवर खोली मोजली, आठ फूट. १८ नंबरचा बिनकाट्याचा हुक, शेवटची दोरी ०.१० मिलिमीटर. (इथे हुकाचा नंबर जितका मोठा तितका हुक बारीक.) शिवाय वॅगलर फ्लोटचा एक रॉड, फीडरचा (म्हणजे दोरीला लावून खाद्य तळाशी नेणाऱ्या छोट्या पिंजऱ्याचा) एक रॉड, आणि विलोच्या मुळांजवळ गांडूळ टाकायला एक जाड दोरीचा सेट. एवढं सगळं एका दिवसाला कशाला असं बाबांना वाटत होतं. पण हवा चार वेळा बदलणार असेल तर चार गोष्टी तयार पाहिजेत, पावसात बसून ओल्या बोटांनी नवीन हुक बांधत बसलं की तेवढ्यात मासा निघून जातो.

दहाला शिट्टी. मी ११ मीटरवर खाद्याचे सहा गोळे टाकले, ब्राउन ब्रेडचा चुरा, त्यात भांगेचं बी आणि कॅस्टर. आणि त्याचबरोबर २५ मीटरवर जाळीच्या फीडरने खाद्याचे बरेच घास नेऊन ठेवले, तिथे लगेच गळ टाकायचाच नव्हता. ब्रीम आले तर तिथे येणार, आणि येणार ते उजेड गेल्यावर, असा माझा हिशोब होता.

पहिला तास सुंदर गेला. धुकं पाण्यावरून हळूहळू उठत होतं, वारा नावापुरता, फ्लोटचं लाल टोक तांदळाच्या दाण्याएवढं वर ठेवलेलं, ते नुसतं थरथरून खाली जायचं. रोच, हातात मावेल एवढे, लाल डोळ्यांचे, चांदीचे. मधेच गजन, तळाचा छोटा मिशीवाला मासा. दर दोन-अडीच मिनिटांना एक. पोल मागे सरकवायचा, वरच्या नळ्या सुट्या करायच्या, मासा हातात, हुक काढायचा, जाळीत, नवीन कॅस्टर, पोल पुढे. ही लय लागली की डोक्यात दुसरं काही राहत नाही.

अकराला धुकं फाटलं आणि ऊन थेट पाण्यात. दहा मिनिटांत रोच बंद. वरच्या थरात ब्लीक जमले, बोटाएवढे मासे, ते आमिष तळाला जाऊच देईनात. त्यातच नॅरोबोटी, म्हणजे लांब अरुंद बोटी, सुरू झाल्या, एकामागून एक चार. काही मॅचवाले बोटींवर चिडतात, मला ते पटत नाही, ही नदी वाहतुकीचीही आहे आणि बोट गेल्यावर तळ थोडा ढवळला की पुष्कळदा एखादा मासा जास्तच मिळतो. मी पोल ठेवला आणि विलोच्या सावलीत गांडूळ सोडलं. उन्हात मासा सावली शोधतो, तिथे पर्च होते. पर्च म्हणजे अंगावर काळे पट्टे, पाठीवर काटेरी पंखा, पकडताना नीट पकडला नाही तर हातात घुसतो. तीन बरे मिळाले, त्यातला एक पाउंडाच्या वरचा असेल, आणि मग तिथलंही संपलं.

बाराला वारा फिरला. सकाळी जो होता तो प्रवाहाच्या उलट, मऊ, फ्लोट अडवून धरायला मदत करणारा. आता तो प्रवाहाबरोबर आणि झोताझोताने. हे वाईट असतं, कारण पाण्याचा वरचा थर वाऱ्याने पळतो आणि खालचा आपल्या गतीने चालतो, फ्लोट वरच्याबरोबर ओढला जातो आणि तळाचं आमिष त्याच्यामागून फरफटतं, मासा असं पळणारं कॅस्टर घेत नाही. ११ मीटरचा पोल तर हातात स्थिर राहीना. मग वॅगलर. तो दोरीला फक्त खालच्या टोकाने बांधलेला असतो, टाकल्यावर रॉडचं टोक पाण्यात बुडवून दोरी ओढून घ्यायची म्हणजे सगळी दोरी पाण्याखाली जाते आणि वाऱ्याला धरायला काही उरत नाही. अर्ध्या तासात आठ-दहा रोच त्यावर आले. काका मात्र शांत बसून नुसतं फीडरने खाद्य नेऊन ठेवत होते, अधूनमधून, मासा न धरता.

जेवणाला ब्रेक नसतो, एका हाताने खायचं. बाबांनी थालीपीठ आणि लसणाची चटणी पुढे केली, मी आधी सॅनिटायझरने हात नीट चोळले, आणि चमच्याने खाल्लं. इथे काठावरच्या उंदरांमुळे व्हील्स डिसीज होतो म्हणून सगळ्या क्लबांत सांगतात, म्हणजे तोच आपला पावसाळ्यातला लेप्टो. हाताला जखम असेल तर प्लास्टर लावल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही, हे मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

एकच्या सुमाराला नैऋत्येकडून काळं आलं. पहिला गडगडाट लांबचा होता, दुसऱ्याला लगेच शिट्टी झाली. कार्बनच्या काठीतून वीज जाते, ११ मीटरची काठी हातात धरून गडगडाटात बसणं म्हणजे जिवाशी खेळ. (याच कारणाने विजेच्या तारांखाली पेग देत नाहीत.) सगळ्यांनी रॉड खाली ठेवले आणि गाड्यांकडे, झाडाखाली किंवा छत्रीखालीही थांबायचं नाही. गाडीच्या काचेतून काहीच दिसत नव्हतं इतका पाऊस. बाबा म्हणाले हा आपला पाऊस आहे, पुस्तकातला इंग्लंडचा नाही.

पाऊण तासाने परत बोलावलं, गेलेला वेळ वाढवून मिळणार नव्हता. डब्याचं झाकण वाऱ्याने सरकलं होतं. मॅगट ओले झाले की त्यांना चढता येतं, कोरडे असताना गुळगुळीत भिंतीवरून घसरतात पण ओल्या अंगाने चिकटून सरळ वर जातात, सगळा ट्रे अळ्यांनी भरलेला. मक्याचं पीठ शिंपडलं आणि डबा छत्रीखाली, पाच मिनिटांत परत जागेवर.

आणि तेव्हा बाबा मागून म्हणाले, "अगं, गढूळ आलं बघ." ओहोळ भरला होता, त्यातून शेतातली लाल माती घेऊन पाण्याचा एक पट्टा आमच्या काठाने खाली सरकत होता, बाजूची नदी अजून हिरवट नितळ, आणि दोघांमध्ये आखल्यासारखी रेघ. बाबांना ते लगेच दिसणारच. आमच्याकडे पहिल्या पावसात वहाळांना पाणी आलं की लोक रात्री बत्त्या घेऊन चढणीच्या माशांना जातात, गढूळ पाण्याच्या तोंडाशी मासा जमतो हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. इकडे काका आधीच फीडर त्या रेघेवर टाकून बसले होते, २५ ऐवजी अठराएक मीटरवर, आणि हुकाला मॅगट नाही, गांडूळ. नितळ पाण्यात मासा डोळ्याने शोधतो, गढुळात वासाने, त्यामुळे गांडूळ चालतं, आणि वरून आकाश काळं. ब्रीमला आणखी काय पाहिजे.

मी कात्रीने गांडुळं बारीक केली, फीडरमध्ये खाद्याबरोबर दाबून भरली आणि रेघेच्या आतल्या बाजूला टाकला. फीडरच्या रॉडचं टोक बारीक आणि मऊ असतं, बाइट, म्हणजे मासा आमिषाला लागल्याची हालचाल, त्यावरच बघायचा. आधी काहीच नाही. मग टोक दोनदा कापलं, मी हात लावला नाही, कारण ब्रीमच्या अंगाला दोरी घासली तरी असं होतं. मग टोक हळूहळू, अगदी सावकाश, एका बाजूला वाकत गेलं आणि वाकलेलंच राहिलं. उचललं तर आधी जड, मग दोन-तीन मंद हिसके, खालून डोकं हलवल्यासारखे. ब्रीम फार भांडत नाही, पण त्या बारीक दोरीवर त्याला प्रवाहातून आणणं म्हणजे श्वास धरून बसणं. जाळ्यात आला तेव्हा जाळ्याच्या कडेवर चिकट बुळबुळीत थर, ब्राँझचा रंग, ताटाएवढा. तीन पाउंड तरी असेल. बाबा उभे राहिले होते.

पुढच्या तासाभरात आणखी तीन मिळाले, एक सुटला. मधे एक नॅरोबोट त्या पट्ट्यातूनच गेली आणि मला वाटलं झालं, कळप फुटला, पण दहा मिनिटांनी परत टोक वाकलं. पावणेतीनला ऊन पडलं, लख्ख, मागे इंद्रधनुष्य वगैरे, आणि बाइट तिथेच थांबले. तीनला शिट्टी.

वजनाला बाबा माझ्याबरोबर सगळ्या पेगवर फिरले. कीपनेट काठावर आणायचं, मासे वजनाच्या जाळीत, तराजू, आकडा मोठ्याने वाचायचा, लगेच पाण्यात. मोजमाप अजून पाउंड आणि औंसातच. माझं १७ पाउंड १० औंस, सेक्शनमध्ये, म्हणजे लगतच्या पेगांच्या आमच्या गटात, दुसरी. काकांचं २६ पाउंड ४ औंस, तो सेक्शन त्यांचा. मॅच जिंकली खालच्या शेवटच्या पेगवरून, ३४ पाउंड, सगळे ब्रीम. वरच्या टोकाला, ओहोळाच्याही वर बसलेल्यांना ब्रीम दिसलाच नाही, पाच-सहा पाउंडांवर राहिले बिचारे, आणि त्यात माझ्यापेक्षा चांगले मासेमार होते. चिठ्ठीचा भाग आहेच, ते मान्य करायलाच हवं. पण माझ्या डाव्या हाताच्या दोन पेगनाही तोच गढूळ पट्टा होता, तिथे शेवटपर्यंत रोचच धरत बसले होते.

हॉलमध्ये पाकीट मिळालं, बक्षिसाचे ३० पाउंड. काकांना मी विचारलं की बारा वाजल्यापासून नुसतं खाद्य का टाकत होतात, तर ते म्हणाले उन्हात ब्रीम निघून जात नाहीत, तिथेच असतात, फक्त तोंड मिटून, त्यांच्यासमोर जेवण तयार असलं पाहिजे. बाबांशी त्यांनी बराच वेळ गप्पा मारल्या, बाबांचं इंग्रजी तुटक, काकांचा वूस्टरशरचा हेल, मी मध्ये फारशी पडले नाही.

रविवार

सकाळी मोबाइलवर ग्राफ बघितला, रात्रीत नदी बरीच चढली होती, अजून चढत होती. मॅच एक दिवस उशिरा असती तर फ्लोटचं काम राहिलंच नसतं, नुसते जड फीडर. काल बसले ती जागा पाण्याखाली.

घरी जायच्या आधी उलट दिशेला ट्यूक्सबरीला गेलो, तिथे एव्हन सेव्हर्नला मिळते. जुलै २००७ च्या पुरात तिथल्या ॲबीच्या, म्हणजे जुन्या मठाच्या चर्चच्या, चारही बाजूंनी पाणी होतं, त्याचा विमानातून काढलेला फोटो जगभर गेला. बाबा काठाशी उभं राहून पाण्यातून काय काय वाहत येतंय ते बघत होते, फांद्या, पेंढा, एक बॉल. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत पाणी आलं होतं, त्याबद्दल ते इथे आल्यापासून पहिल्यांदाच सविस्तर बोलले.

नदीवरच्या मॅचेस कमी होत चालल्यात हे मला मनापासून लागतं. बहुतेक लोक आता खोदलेल्या तळ्यांवर जातात, तिथे कार्प भरपूर, पार्किंग पेगच्या मागे, शंभर पाउंड वजन सहज. कुणी जावं, मी नाही म्हणत नाही. पण ओहोळातून लाल पाणी येऊन अर्ध्या तासात सगळा खेळ फिरणं तळ्यावर होत नाही. आणि नदीवर रोज माणसं बसली तरच नदीला काय होतंय ते कुणाला तरी कळतं. सांडपाणी सोडलं, फेस आला, मासे वर आले, हे आधी मासेमारालाच दिसतं. अँगलिंग ट्रस्ट या मासेमारांच्या संस्थेचे स्वयंसेवक आता ठिकठिकाणी स्वतः पाण्यातला फॉस्फेट आणि नायट्रेट तपासतात, आमच्या लेस्टरच्या सोअर नदीसाठी मीही नाव देणार आहे.

घरी येऊन कीपनेट आणि हाताचं जाळं धुऊन अंगणात ताणून ठेवलं, पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात न्यायचं नाही हा नियम आहे, एका नदीतले परके जीव आणि रोग ओल्या जाळीतून दुसऱ्या नदीत जातात. उरलेले कॅस्टर फ्रीझरमध्ये, पुढच्या वेळी खाद्यात घालायला. पुढची मॅच ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी, परत ईव्हशम, आणि मी या वेळी गांडुळं दुप्पट नेणार आहे. बाबांनी तिकीट पुढे ढकलता येईल का म्हणून विचारलंय.